शाल उलटून पाहिली का? : कलाविद्यार्थ्यांचे संशोधन आणि सादरीकरण

जालना जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने विचारले आहे : "मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या प्रकल्पाचा विषय 'हिमरू : इतिहास, नक्षी आणि आजचे पॅकेजिंग' असा आहे. मधल्या ज्यूरीत मी 64 स्लाइड दाखवल्या. परीक्षक म्हणाले, 'हे संकलन आहे, संशोधन नाही', आणि वेळ संपल्यामुळे माझे स्वतःचे डिझाइन दाखवायचे राहूनच गेले. अंतिम ज्यूरीला सात आठवडे आहेत. संशोधन म्हणजे नेमके काय करायचे आणि ते दहा मिनिटांत मांडायचे कसे? मराठीत बोलले तर गुण कमी होतील का?"

हिमरू म्हणजे संभाजीनगरकडे सूत आणि रेशीम यांत विणले जाणारे नक्षीदार कापड. सोबत पाठवलेल्या स्लाइड मी दोनदा पाहिल्या. परीक्षकांचे वाक्य तुम्हाला टोचले असेल, पण ते खरे आहे. त्यांनी ते अर्धवट सोडले एवढीच माझी तक्रार. संकलन करणारा दुसऱ्यांनी पाहिलेले एकत्र आणतो. संशोधन करणाऱ्याला स्वतः काहीतरी पाहावे लागते आणि त्या पाहण्याने आधीच्या समजुतीत फरक पडला की नाही, हे सांगावे लागते. तुमच्या पहिल्या 38 स्लाइडमध्ये राजघराणी आहेत, नकाशे आहेत आणि इंटरनेटवरून घेतलेल्या शालींची चित्रे आहेत. चित्रे देखणी आहेत. पण त्यांतल्या एकाही शालीला तुमचा हात लागलेला नाही हे लगेच कळते, कारण प्रत्येक चित्रात शाल समोरून दिसते. मागून एकदाही दिसत नाही.

हिमरूची तर अर्धी गोष्ट मागच्या बाजूलाच घडते. सुती पायावर रेशमाचा जादा बाणा, म्हणजे आडवा धागा, घालून नक्षी उठवलेली असते. तो धागा नक्षीला लागतो तिथे वर येतो आणि लागत नाही तिथे कापडाच्या मागे नुसता तरंगत पुढच्या फुलापर्यंत जातो. शाल उलटून हात फिरवला की हे सुटे धागे बोटांना लागतात, कधी अंगठीत अडकतात. पैठणीचे याच्या नेमके उलट. हातमागावरच्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवर असतो. एक रंग संपतो तिथे तो शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून माघारी वळवतात, त्यामुळे मागे तरंगायला धागाच उरत नाही आणि पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. पैठण आणि संभाजीनगर यांच्यात पन्नासेक किलोमीटरचे अंतर आहे. तेवढ्या टापूत नक्षी विणण्याच्या दोन इतक्या वेगळ्या रीती नांदल्या, ही गोष्ट तुमच्या 38 स्लाइडमध्ये कुठेच नाही. ती पुस्तकातून मिळाली नसती असे नाही, पण पुस्तकाआधी ती बोटांना कळते.

आता यातून प्रश्न कसा निघतो ते पाहू. मागचा धागा फार लांब तरंगला तर तो अडकेल, ओढला जाईल आणि समोरचे फूल चुरगळेल. म्हणजे विणकराला दोन फुलांमध्ये मनाला येईल तेवढी मोकळी जागा सोडता येत नसणार. तर मग हिमरूवर दिसणारी भरगच्च नक्षी, दोन मोठ्या फुलांच्या मध्ये पेरलेली बारीक पाने आणि ठिपके, ही केवळ आवडीची बाब आहे की मागच्या धाग्याची लांबी आवरण्याची युक्ती? माझा कौल युक्तीकडे आहे, पण तो कौलच आहे. पाच शाली उलटून, फुलांमधले अंतर आणि मागच्या धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून, शेजारी शेजारी मांडल्याशिवाय मलाही तो सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. मोजल्यावर तो खोटा ठरला तरी तुमचे संशोधन वाया जात नाही. उलट एक सोपे उत्तर तुम्ही बाद केले, हेच सांगण्याजोगे ठरते. 'हिमरूचा इतिहास' हा विषय आहे, त्याला अंत नाही. 'हिमरूवर मोकळी जागा इतकी कमी का?' हा प्रश्न आहे आणि तो सात आठवड्यांत मावतो.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना मोठ्या विषयाचा मोह का पडतो, हे मी समजू शकतो. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद उशापायथ्याला असल्यावर लहान प्रश्न विचारणे कमीपणाचे वाटते. दरवर्षी कोणीतरी बीबी का मकबऱ्यावर प्रकल्प घेतो आणि ताजमहालाशी तुलना करण्यात सगळी शक्ती घालवतो. त्याच इमारतीत घुमट संगमरवराचा आहे, खालचा कमरेएवढा भाग संगमरवराचा आहे आणि मधल्या मोठ्या भिंतींवर दगडी बांधकामावर चुन्याचा घोटीव गिलावा आहे. जिथे संगमरवर संपतो आणि गिलावा सुरू होतो त्या सांध्याशी कारागिराने काय केले, डोळा फसावा म्हणून नक्षी कशी वळवली, हे पाहायला एक वही आणि दोन सकाळी पुरतात. हे काम एखाद्या डिझाइनच्या विद्यार्थ्यानेच करावे असे आहे. इतिहासाचा विद्यार्थी कदाचित तिथे थांबणारही नाही.

प्रश्न ठरला की वहीची तीन भागांत विभागणी करा : मी पाहिले, मी ऐकले, मी वाचले. हे ऐकायला बाळबोध वाटेल. माझ्या अनुभवात मात्र कलाविद्यार्थ्यांच्या प्रबंधांतील निम्म्याहून अधिक घोटाळे या तीन गोष्टींची सरमिसळ झाल्याने होतात. तुमच्या चौथ्या स्लाइडवर लिहिले आहे की महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या विणकरांनी हिमरू आणला. या एका वाक्यात दोन वेगळ्या जातीची विधाने शिवलेली आहेत. राजधानी 1327 च्या सुमारास हलली, याला त्या काळच्या इतिहासकारांच्या नोंदींचा आधार आहे. विणकर बरोबर आले आणि त्यांनीच ही वीण रुजवली, ही या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी परंपरा आहे. ती चुकीची आहे असे मी म्हणत नाही, गाळा असेही म्हणत नाही. ती 'ऐकले' या रकान्यात ठेवा, कोणाकडून, कुठे, कोणत्या तारखेला ऐकली ते लिहा आणि स्लाइडवर 'विणकरांमध्ये असे सांगितले जाते' अशा शब्दांत मांडा. परंपरेला परंपरा म्हटल्याने तिचा मान कमी होत नाही.

ही शिस्त मला फजितीतून लागली. फार वर्षांपूर्वी, नुकताच शिकवायला लागलो असताना, एका तालुक्याच्या गावी जुन्या वाड्यांच्या दारांवर मी भाषण दिले होते. एका कोरीव दाराचे मोठे छायाचित्र लावून, त्याच्या वेलपत्तीत कोणत्या दरबाराची छाया दिसते, दार दीडशे वर्षांचे कसे असावे, हे मी चांगले रंगवून सांगितले. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतून पागोटे बांधलेले एक वृद्ध सुतार उठले आणि अतिशय शांतपणे म्हणाले, "लेकरा, हे दार माझ्या वडलानं केलंय. मी रंधा मारायला होतो." सभा हसली नाही, हे त्या गावाचे मोठेपण. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला त्या वाड्यावर घेऊन गेले, दार ओढून त्यांनी त्याची मागची बाजू दाखवली. फळ्या आडव्या पट्टीला कारखान्यात बनलेल्या स्क्रूंनी आवळलेल्या होत्या. स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा स्वच्छ दिसत होत्या. मी त्या दाराची चौदा छायाचित्रे काढली होती आणि चौदाही समोरून. 'वाटते' आणि 'आहे' यांतला फरक माझ्या वहीत नव्हता, म्हणून तो भाषणातही नव्हता.

वाचलेल्या मजकुरालाही असेच उलटून पाहावे लागते. अजिंठ्याची चित्रे 'फ्रेस्को' आहेत असे अजूनही पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते आणि विद्यार्थी ते उतरवून घेतात. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावतात आणि गिलावा सुकताना रंग त्यात बांधला जातो. अजिंठ्यात दगडावर मातीचा, भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेला गिलावा आहे, त्यावर पांढरा पातळ थर आहे आणि सुकलेल्या त्या पृष्ठावर बंधकात, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्यात, कालवलेले रंग लावले आहेत. हा फरक नुसता शब्दांचा नाही. चित्रे कशी खराब होतात, पोपडे का धरतात, ती कशी राखायची, हे सारे त्यावर ठरते. रंगांचेही तसेच. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी ही जवळपास मिळणारी द्रव्ये, पण निळा रंग लाजवर्द या निळ्या दगडाचा, म्हणजे दुरून व्यापाराने आलेला. आता एखादा विद्यार्थी इंटरनेटवरच्या छायाचित्रातून अजिंठ्यातल्या पद्मपाणी या बोधिसत्त्वाच्या अंगाचा रंग संगणकावर उचलतो आणि 'अजिंठ्याची रंगसंगती' म्हणून पाच चौकोन मांडतो. त्याने उचललेल्या रंगात नकला करणाऱ्यांनी आणि नंतरच्या संवर्धकांनी लावलेल्या वॉर्निश-लाखेचा पिवळेपणा आहे, लेण्यातल्या दिव्याचा रंग आहे, कॅमेऱ्याचा हिशोब आहे आणि पाचव्या शतकातल्या चित्रकाराचे त्यात किती उरले ते सांगणे कठीण आहे. ही अडचण त्याने स्लाइडवर लिहिली तर मी त्याला पूर्ण गुण देईन. लपवली तर पाच चौकोन हे पाच चौकोनच राहतात.

अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर नकलांची हकीकत सांगतो, कारण ती तुमच्या कामाची आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने 1844 पासून अनेक वर्षे अजिंठ्यात राहून भिंतींवरच्या चित्रांच्या मोठ्या नकला केल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या आणि 1866 च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. त्यानंतर 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांपैकीही अनेक 1885 मध्ये लंडनमधल्या संग्रहालयाच्या आगीत गेल्या. ज्या उरल्या त्यांची किंमत आज निराळीच आहे, कारण भिंतीवरचा काही भाग त्यानंतर गळून गेला आणि तो फक्त नकलेत शिल्लक आहे. ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली लेण्यांत बसून रेघ ओढणारी मुले तुमच्याच वयाची असतील. तुमच्या पाच शालींपैकी एखादी दहा वर्षांनी फाटेल, विकली जाईल, नाहीतर कपाटात कसर लागेल. तेव्हा तुमचे मोजमापाचे रेखाचित्र हाच तिचा पुरावा असेल. म्हणून रेखाचित्रावर तारीख, माप आणि शाल कोणाकडची ते लिहा. आणि दोन प्रती ठेवा, एक घरी आणि एक दुसरीकडे. ज्यूरीच्या आदल्या रात्री पेनड्राइव्ह दगा देतो हा तर अनुभव आहेच.

रेखाचित्राविषयी आणखी एक गोष्ट. तुमच्या 47व्या स्लाइडवर हिमरूची कोयरी आहे. ती तुम्ही संगणकावर पेन टूलने गिरवून गुळगुळीत केली आहे. कापडावर कोयरीचा वाक गुळगुळीत नसतो. ताणा उभा आणि बाणा आडवा, त्यामुळे प्रत्येक वळण बारीक पायऱ्यांनी चढते. लांबून डोळा त्या पायऱ्या विसरतो एवढेच. एक आलेखाचा कागद घ्या, धागे मोजायच्या छोट्या भिंगातून पाहत एक कोयरी चौकोन चौकोन भरून उतरवा. एका कोयरीला तीन तास लागतील आणि मान दुखेल. पण कुठे पायरी दोन धाग्यांची आहे, कुठे तीन, टोकाशी विणकराने एक धागा जास्त घेऊन वाक कसा साधला, हे त्या तीन तासांत कळेल. तुमच्या पॅकेजिंगची रेघ त्या पायरीतून यायला हवी. आज ती शंभर लग्नपत्रिकांवरच्या कोयरीसारखी दिसते, याचे कारण तुमच्यात कौशल्य कमी आहे असे नाही. तुम्ही कोयरी गिरवली, वीण पाहिलीच नाही.

विणकरांकडे जाल तेव्हा प्रश्नावली घेऊन जाऊ नका. 'या कलेचा इतिहास सांगा' असे म्हटले की समोरचा माणूस पाहुण्यांसाठीचे ठरलेले भाषण सुरू करतो. त्यात त्याचा दोष नाही, तेच त्याला आजवर सगळ्यांनी विचारले आहे. 'धागा तुटला तर काय करता, दाखवा' असे म्हणा. हात चालू झाले की बोलणे आपोआप खरे होते. जुन्या मागावर नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवत आणि विणकराचा जोडीदार ते दोरे ओढत असे. जकार्ड या यंत्र जोडलेल्या मागावर तेच काम भोके पाडलेले पुठ्ठे करतात. या बदलाने नक्षीत काय बदलले हे विचारण्यासारखे आहे, पण मागासमोर बसून. तिथे कानावर पडणारे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, मग ते मराठी असोत, उर्दू असोत की दखनी. सुधारून लिहू नका. बोलणे रेकॉर्ड करण्याआधी विचारा. माणसाचा अर्धा दिवस घेतलात तर त्याची मजुरी बुडते, हे लक्षात ठेवून जमेल तेवढे द्या किंवा निदान त्याच्याकडून एखादी वस्तू विकत घ्या. काढलेल्या छायाचित्रांची छापील प्रत नेऊन द्यायला विसरू नका. गेल्या वर्षी एका मागावर मला ऐकावे लागले की फोटो काढून नेणारे खूप, परत येणारे कोणी नाही. मान खाली घालण्यापलीकडे मी काय करणार होतो?

छायाचित्रे काढताना खिडकीच्या उजेडात काढा, वस्तूशेजारी मोजपट्टी आणि कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. मोजपट्टीने आकार कळतो आणि कागदाने रंग किती ढळला ते. एक पूर्ण, एक जवळून, एक मागून. लेण्यांत फ्लॅशला मनाई असते ती पाळा. प्रत्येक चित्राखाली वस्तू काय, कुठे, कोणाच्या संग्रहातली, केव्हा टिपली आणि कोणी टिपली, एवढे लिहा. 'सौजन्य : गूगल' असे लिहिणे बंद करा, गूगलने आजवर एकही शाल पाहिलेली नाही. हेच संगणकाने तयार करून दिलेल्या चित्रांनाही लागू आहे. कल्पना सुचण्यासाठी ती वापरायची असतील तर वापरा आणि तसे लिहा, पण 'पारंपरिक हिमरू' म्हणून असे एक जरी चित्र पुराव्यात शिरले तर बाकीच्या खऱ्या चित्रांवरचाही विश्वास उडतो.

कागदपत्रे शोधताना मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला एक जादा अडचण येते आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. हा प्रदेश 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे आपली जुनी दफ्तरे पुण्या-मुंबईत शोधून हाती लागत नाहीत. पुष्कळसे हैदराबादेत आणि पुष्कळसे फारसी-उर्दूत आहे. त्यात गावांची नावे बदललेली. छत्रपती संभाजीनगर शोधताना औरंगाबाद आणि त्याआधीचे खडकी, दौलताबादसाठी देवगिरी, अंबाजोगाईसाठी मोमिनाबाद, धाराशिवसाठी उस्मानाबाद, पैठणसाठी प्रतिष्ठान, तेरसाठी तगर, अशी नावांची जोडयादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा. औरंगाबाद जिल्ह्याचे 1884 सालचे गॅझेटियर इंग्रजीत आहे, त्यात त्या काळच्या धंद्यांविषयी मजकूर सापडतो. वाचताना ते सरकारी कारभारासाठी लिहिलेले आहे, विणकराने लिहिलेले नाही, हे भान ठेवा. परदेशातल्या संग्रहालयांचे वस्तुसंग्रह आता घरबसल्या पाहता येतात. तिथे हिमरूचे इंग्रजी हिज्जे दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले असतात, ते सगळे टाकून पाहा. उर्दू वाचता येत नसेल तर शेजारच्या मदरशातील किंवा उर्दू शाळेतील एखाद्या मास्तरांना विचारा. अशी मदत मागितल्यावर मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.

आता सादरीकरण. तुमची 64 स्लाइडची मांडणी आधी इतिहास, मग भूगोल, मग तंत्र, मग नक्षीचे प्रकार आणि सरतेशेवटी माझे काम, अशी आहे. ही अनुक्रमणिका झाली. दहा मिनिटांत अनुक्रमणिका वाचून दाखवली की परीक्षक थकतात आणि तुमचे काम दाराबाहेर उभे राहते. दहा मिनिटांत दहा ते बारा स्लाइड पुरतात. पहिल्या स्लाइडवर शाल समोरून, दुसऱ्या स्लाइडवर तीच शाल, त्याच मापात, मागून. काही लिहू नका. दोन्हींच्या मध्ये पाच सेकंद गप्प राहा. मग म्हणा, "या दोन बाजूंमधला फरक पाहून मला एक प्रश्न पडला." इथून पुढे खोलीतील प्रत्येक जण तुमच्याबरोबर असेल. प्रश्न सांगा, पाच शालींचा तक्ता दाखवा, तक्त्यातली एकच ओळ ठळक करा, आलेख-कागदावरची कोयरी दाखवा आणि तिथून पॅकेजिंगच्या पहिल्या कच्च्या आराखड्यावर या. फसलेला एक आराखडा अवश्य ठेवा आणि तो का सोडून दिला ते एका वाक्यात सांगा. परीक्षकांना तुमचा निर्णय कसा झाला हे पाहायचे असते, आणि निर्णय सोडलेल्या वाटेवरून सर्वांत लवकर कळतो. निम्मा वेळ, म्हणजे पाच मिनिटे, तुमच्या स्वतःच्या कामाला राखून ठेवा. उरलेला इतिहास छापील लघुप्रबंधात जाईल. कोणी विचारले तर पान उघडून दाखवता येते.

शक्य असेल तर खरी शाल घेऊन जा आणि परीक्षकांच्या हातात द्या. त्यांनी ती उलटून मागच्या धाग्यांवरून बोट फिरवले की तुमच्या चार स्लाइडचे काम झाले. पॅकेजिंगचा नमुनाही पडद्यावर नको, टेबलावर हवा, घडी घालून-उघडून दाखवता येईल असा. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारी खोलीत इतका उजेड असतो की प्रोजेक्टरवरचे फिके रंग पार धुऊन जातात, आणि वीज जायचे ठरवते तेव्हा कोणाला विचारत नाही. म्हणून मुख्य चार चित्रे मोठ्या कागदावर छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून जवळ ठेवा.

देवनागरी अक्षरांबाबत तुमच्या स्लाइडवर दोन अडचणी दिसल्या. काही ओळी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. माझ्या संगणकावर त्या चिन्हांचा कचरा होऊन उमटल्या आणि ज्यूरीच्या संगणकावरही तसेच होईल. सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि शेवटची फाइल पीडीएफ करून ठेवा. दुसरे म्हणजे ओळींमधले अंतर रोमन अक्षरांच्या हिशोबाने धरले आहे, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. देवनागरीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतरापासून सुरुवात करून डोळ्याने ठरवा. उपयोजित कलेच्या विद्यार्थिनीकडून ही चूक परीक्षक सहज सोडणार नाहीत आणि सोडूही नये.

मराठीत बोलण्याविषयी. संस्थेच्या नियमात भाषेची अट आहे का, ते आधी विभागात विचारून घ्या. नसेल तर मराठीतच बोला. ताणा, बाणा, कांडी, पदर, कोयरी या शब्दांना तुमच्या तोंडी वजन आहे. त्यांची इंग्रजी नावे पाठ करताना तुमचे निम्मे लक्ष उच्चारात जाते. बाहेरून आलेल्या परीक्षकांना मराठी कळत नसेल तर प्रश्न आणि निष्कर्ष एवढी दोन वाक्ये इंग्रजीत तयार ठेवा आणि स्लाइडवरही लिहा. मोडक्या इंग्रजीत सांगितलेल्या चांगल्या निरीक्षणाला कमी गुण मिळताना मी पाहिले आहे, स्वच्छ मराठीत सांगितलेल्याला सहसा नाही. घड्याळ लावून तीनदा मोठ्याने सराव करा, आणि एकदा तरी घरातल्या अशा माणसासमोर ज्याला डिझाइनशी घेणेदेणे नाही. आजी कुठे पेंगली ती स्लाइड काढून टाका.

प्रश्नोत्तरांत कोणीतरी 'हिमरू नेमका केव्हा सुरू झाला?' असे विचारील. 'ऐकले' आणि 'वाचले' हे रकाने तेव्हा कामी येतील : परंपरा असे सांगते, राजधानी हलल्याची नोंद अशी आहे, या दोहोंना जोडणारा कागद माझ्या पाहण्यात आला नाही आणि माझा प्रश्न त्यावर अवलंबून नाही. एवढे सांगून थांबा. अडखळत केलेल्या अंदाजापेक्षा हे उत्तर भारी पडते.

सात आठवड्यांतले पहिले दोन फक्त पाहण्यासाठी ठेवा आणि त्या काळात संगणक उघडू नका. घरात, नातेवाइकांकडे, शेजारी कोणाच्या ट्रंकेत जुनी हिमरू शाल निघते का ते आधी विचारा. जालन्या-संभाजीनगरकडच्या घरांत लग्नात आलेली एखादी सापडण्याचा संभव असतो. मिळाली की सकाळच्या उजेडात पांढऱ्या चादरीवर पसरा, मागची बाजू वर करून, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून पहिले रेखाचित्र काढा. पहिल्या तीन शालींची मापे झाली की तक्ता मला पाठवा. फुलांमधले अंतर आणि धाग्याची लांबी यांचा मेळ बसत नसेल तर प्रश्न कुठे वळवायचा ते तेव्हा ठरवू.